बोर्ग, गटिंग आणि ८० पौंड

स्वीडनचा टेनिसपटू ब्योर्न बोर्ग, त्याच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे ताणून बसवलेल्या तारांची जाळी, ८० पौंड ताणाच्या आसपास असायचं. हा आकडा ज्यांना काहीच सांगत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्याकडे येणारा बरा खेळाडू आज ५० ते ५५ पौंड मागतो. साठ मागणारा आला की मी आधी त्याच्या कोपराकडे बघतो, मग त्याच्या चेहऱ्याकडे. आणि ह्या सगळ्या ग्रॅफाइटच्या रॅकेट. बोर्गची लाकडाची होती, डॉने कंपनीची, बेल्जियममध्ये बनणारी. त्या लाकडावर ८० पौंड ताण घालायचा आणि वर तीच रॅकेट घेऊन विम्बल्डन जिंकायचं, तेही ओळीनं पाच वेळा, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला आजही पचत नाही.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत छोटं दुकान चालवतो. बॅडमिंटनचं गटिंग रोज, टेनिसचं अधूनमधून. त्याआधी पोरवयात महाद्वार रोडच्या बाजूला खेळाच्या सामानाच्या एका दुकानात हरकाम्या होतो. फुटबॉलला ब्लॅडर घालायचं, हवा भरायची, कुणी लंगोट मागितला की माप काढून द्यायचा, संध्याकाळी फळी लावायची. कोल्हापुरात तेव्हा कुस्ती आणि फुटबॉल सोडून तिसऱ्या खेळाचं नाव काढलं की लोक तोंडाकडे बघायचे. टेनिस म्हणजे क्लबातले साहेब, पांढऱ्या चड्ड्या आणि सकाळी मातीच्या कोर्टवर पाणी मारून, रोलर फिरवून फक्की मारणारा माळी. त्या साहेबांच्या रॅकेट आमच्याकडे यायच्या म्हणून मला टेनिस कळलं. खेळलो मी फारसा नाही. तार बघून माणूस कसा खेळतो ते मात्र सांगू शकतो. तार मधोमध झिजून तुटली असेल तर चेंडू रॅकेटवर बसतोय. कडेला, चौकटीजवळ तुटली असेल तर गडी वेळेवर पोचत नाही.

१९८० च्या जुलैत आमच्या पेठेत टीव्ही नव्हता. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात बोर्गनं अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोला हरवलं ही बातमी पेपरात आली ती चार ओळींची. पण क्लबातले एक वकीलसाहेब ‘स्पोर्टस्टार’ घ्यायचे. नंतरच्या एका अंकात त्यांनी बोर्गच्या गटिंगबद्दल वाचलं आणि रॅकेट काखेत मारून भर पावसात दुकानात आले. ‘ऐंशी करा,’ म्हणाले. मालकांनी चष्मा वर केला. ‘साहेब, रॅकेट हाय ही, बैलगाडीचं चाक न्हवं.’ वकीलसाहेब हटेनात. शेवटी त्यांची एक जुनी, जरा वाकडी झालेली रॅकेट त्या कामाला काढायची ठरली.

मालकांकडे परदेशी मशीन कुठलं असणार. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून त्यांनी ताणाचा काटा बनवून घेतला होता. जाड सागवानी फळी, तिच्यावर रॅकेट आवळायला दोन पट्ट्या, एका टोकाला स्प्रिंग आणि दांडा. दांडा ओढायचा, स्प्रिंगचा काटा हव्या त्या आकड्यावर आला की भोकात टोच्या ठोकून तार अडवायची आणि पुढची ओढायची. ताण सुटता कामा नये आणि टोच्यानं तार चिरडताही कामा नये, सगळी कला तिथं. आधी उभ्या तारा घालतात, मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे. उभ्या तारा ओढल्या की रॅकेटचं डोकं वरून खाली दबतं आणि बाजूंना फुगतं. आडव्या तारा घातल्या की ते परत आकारात येतं. नेहमीच्या ५० पौंडांना हा फरक डोळ्याला जाणवत नाही. मालकांनी त्या दिवशी सत्तरला ओढायला घेतलं तेव्हा चौथ्या-पाचव्या तारेला ते डोकं अंडाकृतीचं गोल व्हायला लागलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वकीलसाहेब ‘अजून, अजून’ करत होते. मग ‘कट्’ असा आवाज झाला. वरच्या बाजूला, जिथं लाकडाचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात तिथं, नखभर रुंद फट पडली. मालकांनी दांडा सोडला, हात पुसले आणि म्हणाले, ‘बोर्गला माझा नमस्कार कळवा.’

त्यांनी पैसे घेतले नाहीत. तुटलेली रॅकेट बरीच वर्षं माळ्यावर होती.

एवढा ताण कशासाठी, हे मला नंतर, स्वतःचं दुकान टाकल्यावर नीट उमगलं. तार जितकी ढिली तितका चेंडू जोरात सुटतो, कारण ढिली जाळी दबते आणि उसळून चेंडू फेकते. घट्ट तार चेंडूला फुकटची ढकल देत नाही, जोर सगळा तुमच्या दंडातला लागतो. बदल्यात चेंडू सांगाल तिथं जातो. बोर्ग चेंडूला खालून वर असा घासून मारायचा, दणकून, आणि चेंडू फिरत जाऊन जाळीच्या बराच वरून पलीकडे उतरायचा. लाकडी रॅकेटचं डोकं आजच्यापेक्षा कितीतरी लहान. त्यात असा फटका मारताना जरा इकडेतिकडे झालं की चेंडू चौकटीला लागून प्रेक्षकांत. हे सगळं काबूत ठेवायला त्याला दगडासारखी जाळी हवी होती. तिथं नायलॉन चालणार नाही, आतड्याचीच तार पाहिजे, कारण इतकी ताणूनही तिच्यात जीव शिल्लक राहतो. (आतड्याची म्हणजे जनावराच्या आतड्याची. हे एकदा एका शाकाहारी घरातल्या काकूंना कळलं आणि मुलाची रॅकेट त्यांनी देवघरासमोरून हलवून जिन्याखाली ठेवली. मुलाच्या रॅकेटला साधं नायलॉन होतं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या.)

स्वीडनमध्ये मॅट्स लाफ्टमन नावाचा माणूस बोर्गचं गटिंग करायचा. खेळाडूंची नावं सगळ्यांना माहीत असतात, मला मात्र हे नाव आधी पाठ झालं. तारा इतक्या ताणलेल्या असायच्या की रात्री हॉटेलच्या खोलीत नुसत्या ठेवलेल्या रॅकेटचीही तार टण्णकन तुटायची आणि झोपमोड व्हायची. बोर्ग आणि त्याचा प्रशिक्षक लेनार्ट बर्गेलिन रॅकेट एकमेकींवर टिचकावून आवाज ऐकत बसायचे आणि त्यावरून उद्या कुठली आधी हातात घ्यायची ते ठरवायचे. हे खरं असणार, कारण मीही तसंच करतो. मशीनवर आकडा काहीही येवो, तळहातावर रॅकेट आपटून जो सूर येतो तो खोटं बोलत नाही.

बोर्गचा जन्म ६ जून १९५६ चा. वाढला स्टॉकहोमजवळच्या सोदरतेल्ये नावाच्या गावात. वडिलांनी टेबल टेनिसच्या एका स्पर्धेत बक्षीस म्हणून टेनिसची रॅकेट जिंकली आणि पोराला दिली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. गॅरेजच्या दारावर चेंडू बडवत बसायचा आणि मनातल्या मनात स्वीडन विरुद्ध अमेरिका असा डेव्हिस कप खेळायचा. आधी आइस हॉकी खेळलेला, म्हणून बॅकहँड दोन्ही हातांनी. त्या काळात हे बघून जाणकार नाक मुरडायचे. त्याचा फोरहँडही त्यांना पटत नव्हता. मनगट वळवून असं मारलं तर हात जाईल, असं म्हणणारे पुष्कळ होते. बर्गेलिनचं मोठेपण मला वाटतं ते इथं की त्यानं पोराचा हात बदलला नाही.

लोकांना बोर्ग आठवतो तो गप्प राहणारा म्हणून. पंचाकडे बघणं नाही, रॅकेट आपटणं नाही, जिंकलं तरी चेहरा तोच. ‘आइस बोर्ग’ म्हणायचे त्याला. पण हा थंडपणा जन्मजात नव्हता. बारा-तेरा वर्षांचा असताना तो कोर्टवर शिव्या द्यायचा, रॅकेट फेकायचा, चेंडू आत पडला तरी बाहेर म्हणायचा. शेवटी त्याच्या क्लबनं त्याला काही महिने खेळायला बंदी केली. परत आला तो तोंड मिटून, आणि पुढं कधी उघडलंच नाही. पोरवयातली एक शिक्षा माणसाला जन्मभर पुरते, हे माझ्या पिढीच्या कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. तालमीत वस्ताद एकदा बोलले की पोरगं महिनाभर मान वर करत नसे. आमच्या मामांच्या तालमीत तर हसायलासुद्धा परवानगी लागायची.

वयाच्या पंधराव्या वर्षी, १९७२ मध्ये, तो डेव्हिस कपमध्ये उतरला आणि न्यूझीलंडच्या ऑनी पारूनला पाच सेटमध्ये हरवलं. त्याच वर्षी विम्बल्डनचं ज्युनिअर विजेतेपद. पुढच्या वर्षी बहुतेक मोठ्या खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला होता. सतरा वर्षांचा बोर्ग खेळला, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि इंग्लंडमधल्या शाळकरी मुली त्याच्यामागं अशा लागल्या की त्याला पोलिसांच्या कड्यातून न्यावं लागायचं. १९७४ ला पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात, स्पेनच्या मॅन्युएल ओरांतेसनं पहिले दोन सेट घेतले. पुढच्या तीन सेटमध्ये बोर्गनं त्याला मिळून दोन गेम दिले: ६–०, ६–१, ६–१. नुकतीच अठरा पूर्ण झाली होती.

त्याच वर्षी आपल्या विजय अमृतराजनं त्याला अमेरिकन ओपनमध्ये हरवलं होतं, हे आपण विसरतो. फॉरेस्ट हिल्सला, गवतावर, दुसऱ्याच फेरीत. १९७९ ला विम्बल्डनमध्ये दुसऱ्या फेरीत परत गाठ पडली, अमृतराजकडे दोन सेट विरुद्ध एक अशी आघाडी होती आणि चौथा सेट टायब्रेकमध्ये गेला, म्हणजे ६–६ झाल्यावर सेट ठरवणाऱ्या जादा गेममध्ये. तो बोर्गनं काढला आणि पाचवा ६–२. तो टायब्रेक उलटा गेला असता तर विम्बल्डनचा इतिहास एका मद्राशी माणसानं बदलला असता. वकीलसाहेब हा सामना असा सांगायचे की जणू कोर्टच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. खरं तर त्यांनी तो रेडिओवर ऐकला होता, तोही खरखरीतून.

आता आकडे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मोकळं बोलता येईल. फ्रेंच ओपन सहा वेळा, १९७४, ७५, ७८, ७९, ८० आणि ८१. विम्बल्डन १९७६ ते १९८० सलग पाच. पॅरिसच्या मातीवर कारकिर्दीत तो फक्त दोन सामने हरला आणि दोन्ही एकाच माणसाकडून, इटलीचा आद्रियानो पानाट्टा. १९७५ मध्ये स्वीडनला पहिला डेव्हिस कप. विम्बल्डनमध्ये सलग ४१ सामने अजिंक्य. अमेरिकन ओपनची अंतिम फेरी चार वेळा गाठली आणि चारही वेळा हात हलवत परत आला, दोनदा अमेरिकेच्या जिमी कॉनर्सकडून आणि दोनदा मॅकेन्रोकडून.

ह्यातलं सगळ्यात अवघड कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी पाच विम्बल्डन म्हणणार नाही. १९७८, ७९ आणि ८० ह्या तिन्ही उन्हाळ्यांत त्यानं पॅरिस आणि विम्बल्डन दोन्ही जिंकलं, ते म्हणेन. पॅरिसला लाल माती. चेंडू पडला की मंदावतो आणि खांद्यापर्यंत उसळतो, एकेक गुण काढायला दम लागतो. विम्बल्डनला गवत. चेंडू सरपटत, घसरत येतो, विचार करेपर्यंत गेलेला असतो. मातीवर घसरत जाऊन फटका मारायचा, गवतावर घसरलात तर पाय मोडेल. ह्या दोन्हींच्या मध्ये तेव्हा फक्त दोन आठवडे असायचे. तेवढ्यात पायांची सवय, सर्व्हिस, उभं राहायची जागा सगळं बदलायचं. बोर्ग त्या दोन आठवड्यांत दुसरी स्पर्धा खेळायचा नाही. बर्गेलिनला घेऊन लंडनमधल्या एका क्लबवर तासन्‌तास सर्व्हिस मारत बसायचा. ही गोष्ट पुन्हा कुणाला जमली ती थेट २००८ मध्ये, नदालला.

मग येतो तो सामना. ५ जुलै १९८०, शनिवार. पहिला सेट मॅकेन्रोनं ६–१ असा फडशा पाडल्यासारखा घेतला. पुढचे दोन बोर्गनं ७–५, ६–३. चौथ्यात ५–४, ४०–१५, बोर्गची सर्व्हिस. एक गुण आणि पाचवं विम्बल्डन. मॅकेन्रोनं दोन्ही मॅच पॉइंट वाचवले. टायब्रेक झाला तो ३४ गुणांचा. त्यात बोर्गला आणखी पाच मॅच पॉइंट मिळाले, पाचही गेले, आणि मॅकेन्रोनं तो १८–१६ असा जिंकला. ह्या टायब्रेकवर जगानं इतकं लिहिलंय की मला त्याचा कंटाळा आलाय. उत्तम होता, वाद नाही. पण तो बोर्ग हरला होता.

माझं लक्ष त्याच्या पुढं जे झालं त्यावर असतं. सात वेळा तोंडाशी आलेला घास गेलेला माणूस पाचव्या सेटला सर्व्हिस करायला येतो. पहिले दोन गुण जातात, ०–३०. आता हा कोसळणार, असं सगळं स्टेडियम धरून चाललंय. तिथून पुढं अख्ख्या सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर त्यानं फक्त एक गुण गमावला. सात सर्व्हिस गेम, मिळून तीन गुण गेले, त्यातले दोन सुरुवातीचे. पाचव्या सेटला तेव्हा टायब्रेक नव्हता, त्यामुळं एकानं मोडेपर्यंत चालायचं. ७–६ वर मॅकेन्रोची सर्व्हिस तुटली, शेवटचा फटका दोन हातांचा बॅकहँड, तिरका, मॅकेन्रोच्या हाताला न लागता. ३ तास ५३ मिनिटं. आणि तेव्हा तो गुडघ्यावर बसला. बोर्गनं भावना दाखवल्याच नाहीत म्हणणाऱ्यांनी ते बघावं.

पुढच्या वर्षी सगळं फिरलं. पॅरिस जिंकलं, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात मॅकेन्रोनं हरवलं, आणि सप्टेंबरात अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यातही. तो सामना संपल्यावर बोर्ग बक्षीस समारंभाला थांबला नाही. हस्तांदोलन केलं, आत गेला, गाडीत बसला आणि गेला. माझ्या ओळखीचे एक कोच ह्यावरून त्याला ‘पळपुटा’ म्हणतात आणि आमचं दर वेळी वाजतं. समारंभाचं मी समर्थन करत नाही. खासबागेत हरलेला पैलवानसुद्धा जिंकणाऱ्याचा हात वर करू देतो, मग मातीतून बाहेर पडतो. बोर्गनं तेवढं थांबायला हवं होतं.

पण त्यानं टेनिस सोडलं ते मॅकेन्रोच्या भीतीनं, हे जे सांगितलं जातं ते मला मान्य नाही. १९८२ साली झालं काय ते बघा. पंधराव्या वर्षापासून सतत खेळून तो थकला होता आणि त्याला स्पर्धा कमी करायच्या होत्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणं वर्षाला किमान दहा अधिकृत स्पर्धा खेळायचं कबूल करावं लागे. नाही केलं तर मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश नाही, पात्रता फेरी खेळा. अकरा ग्रँड स्लॅम (सहा फ्रेंच ओपन, पाच विम्बल्डन) जिंकलेला माणूस, आणि त्याला सांगितलं की नवख्या पोरांबरोबर रांगेत उभा राहा. मॉन्टे कार्लोला तो उभाही राहिला, पात्रता फेरी खेळला, मुख्य स्पर्धेत यानिक नोआकडून हरला. आणि जानेवारी १९८३ मध्ये निवृत्ती जाहीर केली. वय २६.

नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, असं कोच म्हणतात. बरोबर आहे. पण त्या नियमात थकलेल्या माणसाला अर्धं खेळायची सोयच नव्हती. एक तर पूर्ण, नाही तर काही नाही. त्यानं ‘काही नाही’ निवडलं. मला ह्यात पळ दिसत नाही.

हे मला इतकं का लागतं, तर दुकानात बसून मी रोज ह्याचंच छोटं रूप बघतो. शाळकरी पोरं आई-वडिलांबरोबर येतात. खांद्यावर सहा रॅकेटची बॅग, पोरगं बॅगेपेक्षा जरा मोठं. सकाळी साडेपाचला फिटनेस, मग शाळा, मग कोर्ट, रविवारी पुणे नाहीतर सांगलीला स्पर्धा. आठवीतली एक मुलगी येते, चांगली खेळते, तिची तार मधोमध झिजलेली असते. वडील उत्साही. कुठल्या तरी व्हिडिओत बघून आले आणि म्हणाले, ‘अठ्ठावन्न करा, मोठे प्लेअर घट्टच घेतात.’ मी म्हटलं, ‘हाडं कोवळी आहेत, कोपराला त्रास होईल.’ ते म्हणाले, ‘सवय होते हो.’ मी मान डोलावली. गिऱ्हाईक आहे.

संध्याकाळी मुलगी एकटी सायकलवरून आली. ‘काका, अठ्ठेचाळीस करा. पप्पांना सांगू नका, ती आपली अशीच आली होती म्हणा.’ मी कोपर दाखव म्हटलं. बाहेरच्या हाडाजवळ बोट ठेवलं तर ओठ चावून उभी राहिली. मी अठ्ठेचाळीस केलं आणि हँडलवर नवीन ग्रिप गुंडाळून दिली, म्हणजे हात लागल्या लागल्या काहीतरी वेगळं वाटेल. दुसऱ्या दिवशी वडील आले, तळहातावर रॅकेट आपटली, कान लावला आणि खूश. ‘बघा, आवाजातच फरक पडला की नाही!’ ‘पडला की,’ मी म्हटलं. ‘मॅडमना आठवड्यातून एक दिवस सुट्टी देत जावा,’ एवढंही म्हणालो. ते त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे.

निवृत्तीनंतरचा बोर्ग मी फार लांबवत नाही. धंद्यात बुडाला, संसार मोडले, नशेच्या आहारी गेलो होतो हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. लोक ह्यात रस घेतात, मला नाही. पण १९९१ चं मॉन्टे कार्लो मात्र मी विसरू शकत नाही. आठ वर्षांनी तो परत आला, आणि हातात लाकडाची रॅकेट! एव्हाना जग ग्रॅफाइटवर जाऊन वर्षं उलटली होती. डोकी मोठी झाली होती, चेंडूचा वेग वाढला होता. स्पेनच्या होर्डी अरेसेनं त्याला ६–२, ६–३ असं सरळ हरवलं. तोवर मालक थकले होते, पण फोटो बघून म्हणाले, ‘ह्याला कुणी सांगितलं कसं नाही?’ सांगितलं असणारच. ज्या हातानं ८० पौंडांच्या लाकडातून सगळं मिळवलं, त्या हाताला दुसरं काही खरं वाटत नसेल. पुढच्या दोन वर्षांत अधूनमधून खेळला, ग्रॅफाइट घेऊनही, आणि एकही सामना जिंकला नाही.

२००६ मध्ये बातमी आली की बोर्ग विम्बल्डनचे पाचही चषक आणि अंतिम सामन्यातल्या रॅकेट लंडनमध्ये लिलावात काढतोय. ती वाचून मला जेवण गेलं नाही, बायको म्हणाली, ‘तुमचा कोण लागतो तो?’ मग मॅकेन्रोचा त्याला फोन गेला, वेड लागलंय का अशा अर्थाचा. लिलाव रद्द झाला. ज्यानं त्याला हरवून घालवलं म्हणतात, त्यानंच त्याच्या वस्तू घरात राहाव्यात म्हणून भांडण काढलं, हे कोचना मी दर वेळी ऐकवतो. पुढं लेव्हर कपमध्ये २०१७ पासून २०२४ पर्यंत दोघं दोन संघांचे कर्णधार म्हणून समोरासमोर बसले. मॅकेन्रो हातवारे करतोय आणि बोर्ग हाताची घडी घालून गप्प. आजच्या पोरांना बोर्ग माहीत असतो तो त्याच्या नावाच्या अंडरवेअरवरून. एकानं मला विचारलंसुद्धा, ‘काका, तो खेळायचा पण काय?’

तो १९८० चा अंतिम सामना यूट्यूबवर आहे. सगळे टायब्रेक शोधून बघतात. तुम्ही तो सोडून द्या आणि पाचवा सेट लावा, ०–३० पासून. चेंडूकडे कमी आणि बोर्गच्या पायांकडे जास्त बघा, सर्व्हिस करण्याआधी ते कसे एकाच जागी, एकसारखे उभे राहतात ते. बघताना मॅकेन्रोच्या बाजूनं ओरडलात तरी चालेल, आमच्या घरातही ती पार्टी आहे आणि स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात आहे.